लाइट गेल्यावर अभ्यासिकेतील जिन्याचे दिवे पाऊण तासातच का विझतात?

प्रश्न – अभ्यासिकाचालक, लातूर
माझी अभ्यासिका दुसऱ्या मजल्यावर आहे आणि ‘नीट’ची तयारी करणारी मुले-मुली तेथे रात्री अकरापर्यंत बसतात. इन्व्हर्टरवर सहा पंखे, आठ ट्यूब आणि जिन्यातील पाच एलईडी दिवे आहेत. बॅटरी १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची, तीन वर्षे वापरलेली. या उन्हाळ्यात लाइट गेली की पाऊण तासात सगळे बंद पडते. मागील आठवड्यात तर वीज असतानाच जिन्याचा एमसीबी (बिघाड झाल्यास लाइन आपोआप तोडणारा स्विच) पडला आणि मुली मोबाइलच्या उजेडात खाली उतरल्या, तरी इन्व्हर्टरने काहीच केले नाही. असे का व्हावे?

उत्तर – वायरमन, नांदेड
ताई, इन्व्हर्टर केवळ स्वतःकडे येणाऱ्या विजेकडे लक्ष ठेवतो. ती असेपर्यंत तो बॅटरी चार्ज करतो आणि तीच वीज पुढे सोडतो; ती गेली की आतील रिले, म्हणजे आपोआप बदलणारा स्विच, क्षणार्धात बॅटरीकडे वळतो आणि बॅटरीच्या डीसीची २३० व्होल्ट एसी करून देतो. पुढील एमसीबी पडल्याचे त्याला कळण्याचा मार्गच नाही. म्हणून जिन्यात निदान दोन दिवे स्वतःची बॅटरी असलेले बसवा, आणि त्यांचे चार्जिंग जिन्याच्याच लाइनवरून घ्या, म्हणजे ती लाइन बंद पडताच ते आपोआप लागतील.

उत्तर – निवृत्त विद्युत अभियंता, परभणी
पाऊण तासाचे कारण पंख्यांत आहे. १२ गुणिले १५० म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास होतात खरे, परंतु हा आकडा बॅटरी वीस तासांत सावकाश, म्हणजे साडेसात अँपिअरने रिकामी केली तर मिळतो. आपले सहा पंखे साधे ७५ वॉटचे धरले तर ट्यूबसह भार ६०० वॉटच्या पुढे जातो आणि बॅटरीतून साठेक अँपिअर ओढले जातात. अशा ओढीला नवी बॅटरीसुद्धा निम्म्याच्या आसपासच क्षमता देते. त्यात आपल्याकडचा ४२ अंशांचा उन्हाळा. २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना लेड-ॲसिड बॅटरीचे आयुष्य साधारण निम्मे होते, त्यामुळे ती पत्र्याखाली ठेवली असेल तर आधी हलवा. जिन्याचे नऊ वॉटचे पाच दिवे मात्र ४५ वॉटच घेतात. पंखे वेगळे केले तर या जुन्या बॅटरीवरही ते कित्येक तास चालतील. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत आपत्कालीन प्रकाश किमान दीड तास टिकावा असे म्हटले आहे, तेव्हा वर्षातून एकदा मेन बंद करून घड्याळ लावून तपासा.

प्रश्नकर्त्या
आज झाकणे उघडून पाहिली, तर दोन कप्प्यांत पाणी प्लेटांच्या खाली गेले होते. येथे बोअरचे पाणी फार क्षाराचे आहे आणि मागील वेळी मुलाने तेच घातल्याचे आता कळले. अशा बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालून उपयोग होईल का?

उत्तर – वायरमन, नांदेड
प्लेटा बुडतील इतकेच घाला, पूर्ण चार्ज झाल्यावर खुणेपर्यंत भरा आणि दुसऱ्या दिवशी हायड्रोमीटरने (ॲसिडची घनता मोजणाऱ्या नळीने) प्रत्येक कप्पा मोजा. ते दोन कप्पे इतरांपेक्षा बरेच मागे राहिले, तर क्षारांनी प्लेटा खाल्ल्या असे समजून बॅटरी बदला. जिन्याच्या वेगळ्या दिव्यांसाठी मात्र तोवर थांबू नका, ते याच आठवड्यात बसवा.