स्वॅप बंद करावे की ठेवावे?

धागाकर्ता:
माझ्याकडे ८ जीबी रॅमचा आणि साध्या हार्ड डिस्कचा लॅपटॉप असून त्यावर लिनक्स चालते. ब्राउझरचे पंचवीसेक टॅब आणि लिब्रेऑफिस एकत्र उघडले की डिस्कचा दिवा पेटलेलाच राहायचा, माउसचा बाण जागीच थिजायचा आणि टाइप केलेले अक्षर उमटायला दहा सेकंद लागायचे. शेवटी 'स्वॅपऑफ' ही आज्ञा देऊन स्वॅप, म्हणजे रॅममधला डेटा हलवून ठेवण्यासाठी डिस्कवर राखलेली जागा, पूर्ण बंद केले. महिना झाला, लॅपटॉप पुन्हा असा अडकलेला नाही. माझ्या मते घरगुती वापरासाठी ८ जीबी रॅम असताना स्वॅपची गरजच नाही.

प्रतिसाद १:
मी असहमत आहे. स्वॅप काढल्याने प्रोग्रॅमची भूक कमी होत नाही, फक्त कर्नेलचा (रॅमचे वाटप सांभाळणाऱ्या लिनक्सच्या गाभ्याचा) एक हात बांधला जातो. प्रोग्रॅमने स्वतः साठवलेला डेटा स्वॅपशिवाय रॅममधून हलवता येत नाही, त्यामुळे तो दिवसभर कोणी वापरला नाही तरी तिथेच राहतो आणि त्याऐवजी फाइलींची कॅश (डिस्कवरून वाचलेल्या फाइलींची रॅममधली प्रत), अगदी चालू प्रोग्रॅमचा कोडसुद्धा, टाकून देऊन पुन्हा डिस्कवरून वाचावा लागतो. म्हणजे रॅम खरोखर भरत आली की डिस्कचा तोच दिवा तुम्हाला स्वॅपविनाही दिसेल. त्यानंतर ओओएम किलर, म्हणजे मेमरी संपल्यावर जागा मोकळी करणारा कर्नेलचा भाग, एखादी प्रोसेस (चालू प्रोग्रॅम) थेट मारतो.

धागाकर्ता:
मारू द्या. ब्राउझर आपल्या टॅबना मुद्दाम आधी बळी जाण्यासाठी पुढे करतो. अख्खा लॅपटॉप दहा मिनिटे अडकण्यापेक्षा एक टॅब गेलेला मला चालेल.

प्रतिसाद २:
एका शाळेच्या संगणक कक्षात ४ जीबीची जुनी यंत्रे मी सांभाळतो, म्हणून सांगतो, तुमचा राग स्वॅपवर नसून हार्ड डिस्कवर असायला हवा. झेडरॅम वापरून पाहा. त्यात हलवलेली पाने (मेमरीचे छोटे तुकडे) रॅममध्येच दाबून, म्हणजे कॉम्प्रेस करून, ठेवली जातात आणि डिस्कला हात लावावा लागत नाही. फेडोरा या लिनक्सच्या प्रकाराने २०२० मध्ये, ३३व्या आवृत्तीपासून, हीच पद्धत मूळ रचनेत आणली. त्यासोबत स्वॅपिनेस १० करण्याचा जो सल्ला सर्रास दिला जातो तो मात्र इथे उलटा पडतो. स्वॅपिनेस म्हणजे रॅम किती टक्के भरल्यावर स्वॅप सुरू व्हावे याचा आकडा नव्हे. स्वॅप करणे आणि फाइलींची कॅश सोडणे यांपैकी काय स्वस्त पडते, हे तो कर्नेलला सांगतो. झेडरॅम डिस्कपेक्षा कितीतरी वेगवान असल्याने तिथे १०० च्या वरचा आकडा योग्य ठरतो, आणि कर्नेल ५.८ पासून तो २०० पर्यंत देता येतो. बदलापूर्वी आणि बदलानंतर 'व्हीएमस्टॅट १' चालवून एसआय (स्वॅपमधून रॅममध्ये येणारा डेटा) आणि एसओ (रॅममधून स्वॅपमध्ये जाणारा डेटा) हे रकाने पाहा. स्वॅपमध्ये नुसता डेटा पडून असणे हा दोष नाही, पण हे आकडे सतत हलत असतील तर रॅम कमी पडते आहे.

धागाकर्ता:
काल कर्नेलच्या नोंदी चाळल्या. महिनाभरात ओओएमच्या ३ नोंदी सापडल्या आणि तिन्ही वेळा ब्राउझरचा टॅबच गेला आहे, दस्तऐवज एकही नाही. झेडरॅम रविवारी लावून बघेन, पण डिस्कवरचे स्वॅप परत आणणार नाही.

प्रतिसाद १:
त्या ३ टॅबपैकी एकात अर्धा भरलेला परीक्षेचा अर्ज असता, तरीही आपण हेच लिहिले असते का?