मुळशीचं पाणी पूर्वेला सोडा. वीज पुरे झाली!

पौडकर : मुळा-नीळेचं पाणी मुळात भीमा खोऱ्याचं. टाटांनी ते मुळशी धरणात अडवलं, बोगद्यातून सह्याद्रीपलीकडे नेलं आणि सुमारे ५०० मीटर खाली कोकणात भिऱ्याच्या वीजघरात टर्बाइनवर घातलं. १९२७ पासून हेच चाललंय. तेव्हा मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. आज गिरण्यांच्या जागी टॉवर उभे आहेत, आणि इकडे सोलापूरपर्यंत उन्हाळ्यात बोंब. वीज सूर्यापासूनही मिळते, पाणी नाही. वळवा ते भीमेत.

रोहेकर : म्हणजे इकडे येणारं पाणी वाया जातं असं गृहीतच धरलंत! भिऱ्याचं पाणी कुंडलिकेत येतं, डोलवहाळच्या बंधाऱ्यावर अडतं, तिथून कालव्यांनी रोहा-माणगावच्या शेतांत जातं. आमचं उन्हाळी भात त्यावर, धाटावची एमआयडीसी त्यावर. कोलाडचं राफ्टिंगसुद्धा भिऱ्याहून पाणी सुटलं तरच. शंभर वर्षांत इथं अख्खं जगणं उभं राहिलंय, ते काय गुंडाळून ठेवायचं?

पौडकर : सगळं नका देऊ हो, थोडं तरी?

भारनियमन_आठवतंय : सूर्याची वीज संध्याकाळी सातला कुठून आणणार? भिऱ्याचं जनित्र काही मिनिटांत चालू होतं. मुंबईला ऐन गर्दीच्या वेळी तोच आधार.

काठावरचा : तुम्ही तिघं पाणी वाटून घेताय. ज्यांची जमीन त्याखाली आहे त्यांचं नाव अजून कुणी घेतलं नाही, म्हणून लिहितो. १६ एप्रिल १९२१, रामनवमी. मुळशीचे शेतकरी, मावळे, बायकापोरांसह धरणाच्या कामावर जाऊन बसले. ‘जान किंवा जमीन’. लढ्याचे पुढारी सेनापती बापट तुरुंगात गेले. १९२४ पर्यंत लढा चालला आणि मोडला. का मोडला? नुसत्या कंपनीमुळे नाही. बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडे होत्या, त्यांनी मोबदल्यावर तडजोड केली. कसणाऱ्याला कुणी विचारलं? पौडकर, ‘खोऱ्याचा हक्क’ म्हणताना हेही सांगा की तेव्हा पुण्यानंच हात वर केले होते. आमच्या वाडीत आजही मे महिन्यात टँकर येतो. टँकरमागं हंडे घेऊन धावणाऱ्या बायकांना समोर भरलेलं धरण दिसत असतं.

लेकव्ह्यू_बंगला : इतिहास मान्य. पण पातळी फार खाली गेली तर इथलं पर्यटन बसेल. माळी, वॉचमन, स्वयंपाकी सगळे गावातलेच आहेत, त्यांचाही विचार करा.

काठावरचा : साहेब, ज्यांच्या आज्यांनी आंबेमोहोर पिकवला ते आता तुमच्या लॉनला पाणी घालतात. त्याला रोजगार म्हणायचं तर म्हणा. पातळी खाली गेली की गाळात जुनी जोती उघडी पडतात. म्हातारी माणसं बघायला जातात. तुमचा व्ह्यू तेवढे दिवस बिघडतो, इतकंच.

रोहेकर : काठावरच्या गावांना धरणातून नळ द्यायला कोकणातून कुणाचाच विरोध नसेल. त्याला लागतं किती? धरण २० टीएमसीच्या (अब्ज घनफूट) आसपासचं आहे. पौडकर, ही मागणी तुमच्या यादीत पहिली का नाही?

पौडकर : ठीक, पहिली टाकतो. पूर्वेला वळवण्याची दुसरी. ती सोडत नाही.