ओपन-वर्ल्ड गेममध्ये घोडा भरधाव सोडला की फ्रेम अडकते, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही तिघे मित्र अनरिअल इंजिन ५ (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) मध्ये ओपन-वर्ल्ड, म्हणजे खेळाडूला कुठेही मोकळं फिरता येईल असा गेम करतोय. नकाशा ४ किमी × ४ किमी. त्यात घाट, पठार आणि दोन गावं. पायी फिरताना काहीच त्रास नाही. घोडा दौडवला की मात्र गावाच्या वेशीपाशी चित्र क्षणभर थिजतं. एरवी १६ मिलिसेकंदांत होणारी फ्रेम (पडद्यावरचं एक चित्र) तिथे ९० च्या वर जाते.

वर्ल्ड पार्टिशन (नकाशाचे तुकडे करून जवळचेच तुकडे लोड करणारी इंजिनची सोय) चालू आहे. लोडिंग रेंज, म्हणजे किती अंतरापर्यंतचे तुकडे लोड करायचे ती मर्यादा, वाढवली तर रॅम भरते, कमी केली तर झाडं डोळ्यांदेखत उगवतात. आधी संशय डिस्कवर होता. पण प्रोफायलर (कशात किती वेळ जातो ते मोजणारं साधन) सांगतो की वाचायला वेळ जातच नाही. वाचलेल्या वस्तू जगात मांडताना गेम थ्रेड, म्हणजे गेमचं मुख्य काम चालवणारा धागा, अडकतो. आमच्या वाड्यात प्रत्येक खांब, रांजण, कंदील ही इंजिनसाठी स्वतंत्र वस्तू, म्हणजे वेगळा अ‍ॅक्टर आहे आणि प्रत्येकाचं कोलिजनही (टक्कर ओळखायची व्यवस्था) वेगळं. घोडा वेशीत शिरला की हे सगळं एकदम येऊन पडतं.

मोठ्या स्टुडिओंनी काय केलं ते वाचून थक्क व्हायला होतं. रॉकस्टार कंपनीचा जीटीए ५ हा गेम २०१३ मध्ये एक्सबॉक्स ३६० वर आला, तेव्हा त्या यंत्रात रॅम होती सगळी मिळून ५१२ एमबी! रॉकस्टारने डेटा हार्ड डिस्क आणि डीव्हीडीत वाटला आणि दोन्हींकडून एकाच वेळी ओढला. म्हणूनच दोन डीव्हीडींपैकी दुसरी, खेळायची डीव्हीडी हार्ड डिस्कवर इन्स्टॉल करू नका असं त्यांनी सांगितलं होतं; केली तर सगळा भार एकट्या हार्ड डिस्कवर पडायचा. २०१८ च्या स्पायडर-मॅन गेमबद्दल सोनीच्या प्लेस्टेशन ५ चे मुख्य रचनाकार मार्क सर्नी यांनी मार्च २०२० मध्ये सांगितलेलं तर मला फारच आवडलं. रस्त्यावरच्या टपालपेटीसारख्या वस्तूंच्या डिस्कवर ४००-४०० प्रती होत्या! शहराच्या प्रत्येक तुकड्याचं सामान त्या तुकड्यासोबतच सलग ठेवलं, म्हणजे हार्ड डिस्कच्या वाचणाऱ्या हेडला ते शोधत फिरावं लागत नाही. जागा गेली, पण वेग मिळाला.

पण हे सगळे उपाय डिस्कसाठी आहेत, आमची अडचण त्याच्या पुढची आहे. वाड्यातलं न हलणारं सामान एकाच वस्तूसारखं बांधणाऱ्या पॅक्ड लेव्हल अ‍ॅक्टरमध्ये एकत्र केलं तर झटका कितपत कमी होतो? रांजण फुटायला हवेत, ते वेगळेच ठेवावे लागतील. की एका फ्रेममध्ये अ‍ॅक्टर मांडायला किती वेळ द्यायचा, ती मर्यादा आधी खाली आणावी? फार खाली आणली तर घोडा पोचेपर्यंत वाडाच उभा राहिलेला नसेल, अशी भीती वाटते. गावांसाठी वेगळी, जास्त लोडिंग रेंजची ग्रिड (नकाशाच्या तुकड्यांची जाळी) कुणी करून पाहिली आहे का?

घोड्याचा वेग कमी करा, हा सल्ला कृपया नको. पठारावरची दौड हाच या गेमचा जीव आहे. वेशीआधी रस्त्याला दोन वळणं देऊन चाल मंदावता येईल, असं मात्र मनात आहे. कुणी स्टुडिओत असं केलं असेल तर वळणापासून वेशीपर्यंत किती अंतर ठेवलं ते जरूर सांगा. प्रोफायलरचे स्क्रीनशॉट हवे असतील तर टाकतो.