पर्यावरणाची आंतरविद्याशाखीय पदवी घ्यावी की एकाच विषयाची?

विद्यार्थिनी:
मला रसायनशास्त्राची आवड आहे, पण अर्थशास्त्र आणि कायदा हे विषयही सोडवत नाहीत. हे सारे विषय एकत्र शिकवणारी पर्यावरण अभ्यासाची पदवी घ्यावी, की आधी रसायनशास्त्राची पदवी पूर्ण करून मग पर्यावरणाकडे वळावे, हे ठरत नाही. पहिल्या पर्यायाबद्दल "सगळ्याचे थोडे थोडे, धड काहीच नाही" असे अनेकदा ऐकू येते. हा आक्षेप कितपत खरा आहे आणि अभ्यासक्रम पारखताना नेमके काय पाहावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

भूजल_अभ्यासक:
काही अभ्यासक्रमांना हा आक्षेप लागू पडतो, हे मान्य करूनच बांगलादेशातील भूजलात सापडलेल्या आर्सेनिक या विषारी मूलद्रव्याचे उदाहरण देतो. नदी-तळ्यांच्या दूषित पाण्यातून पसरणारे पोटाचे विकार टाळावेत, या रास्त हेतूने तेथे १९७० च्या दशकापासून मोठ्या प्रमाणावर हातपंप बसवण्यात आले आणि १९९० च्या दशकात त्यांपैकी असंख्य पंपांच्या पाण्यात आर्सेनिक असल्याचे उघड झाले. गाळातील लोहाच्या ऑक्साइडांना ते चिकटलेले असते. ऑक्सिजन नसलेल्या थरांत सूक्ष्मजीव ती ऑक्साइडे विरघळवतात, तेव्हा ते पाण्यात उतरते. येथवरचा प्रश्न भूरसायनशास्त्राचा आहे.

पुढे मात्र तो एका विषयात मावत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम आहे, तर बांगलादेशाची ५०. म्हणजे ३० मायक्रोग्रॅमचे पाणी पिण्यायोग्य आहे की नाही, याचे उत्तर प्रयोगशाळा एकटी देऊ शकत नाही. त्यात पर्यायी पाण्याचा खर्च येतो, कायदा येतो. तपासलेल्या पंपांच्या तोट्या लाल (असुरक्षित) किंवा हिरव्या (सुरक्षित) रंगवण्यात आल्या. थोड्याच अंतरावरच्या दोन पंपांच्या पाण्यात मोठा फरक असू शकतो, त्यामुळे लाल पंपाजवळच हिरवा पंप सापडणे शक्य असते. पण तो दुसऱ्याच्या अंगणात असेल, तर पाणी भरणाऱ्या बाईला तेथे रोज जाता येईल का, हा समाजशास्त्राचा प्रश्न झाला. खोल थरांतील पाणी बहुधा सुरक्षित असते, पण तेथवर पंप नेण्याचा खर्च कोणी करायचा आणि तो कोणाच्या दारात बसवायचा, यात राजकारणही आलेच. हे सारे दुवे एका वेळी पाहण्याची सवय लावणारी पदवी मला वाया गेलेली वाटत नाही.

तळ्याकाठचा:
उदाहरण उत्तम आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला पूर्णपणे पटत नाही. तळ्यांमध्ये शेवाळ माजण्यास कारण कोणते, यावर एकेकाळी मोठा वाद होता आणि साबण-डिटर्जंट उद्योगाचा रोख कार्बनकडे होता. कॅनडातील संशोधकांनी १९७३ मध्ये प्रयोगांसाठी राखलेल्या तळ्यांपैकी २२६ क्रमांकाच्या तळ्याचे पडदा लावून दोन भाग केले; दोन्हींत कार्बन आणि नायट्रोजन घातले, फॉस्फरस मात्र एकाच भागात. तोच भाग हिरवागार झाला, आणि विमानातून घेतलेले त्याचे छायाचित्र डिटर्जंटमधील फॉस्फेटवरील (फॉस्फरसच्या संयुगांवरील) निर्बंधांच्या चर्चेत पुढे वापरले गेले. धोरणावर प्रभाव पडला खरा, पण तो प्रयोग रचणाऱ्यांचे जलपरिसंस्थेचे ज्ञान पक्के होते म्हणून. एकाही विषयात स्वतः पुरावा उभा करता येत नसेल, तर चार विषयांची परिभाषा कळून आपण फक्त इतरांचे अहवाल वाचत राहाल. (असे अहवालवाचक मला बैठकांमध्ये वारंवार भेटतात.)

अभ्यासमंडळ_सदस्य:
माहितीपत्रकातील "समग्र दृष्टी" वगैरे शब्द बाजूला ठेवून विषयांची यादी वर्षानुवर्षे कशी चढत जाते ते पाहावे. तिसऱ्या वर्षाचा एखादा विषय पहिल्या वर्षाच्या विषयावर उभा आहे, की सगळेच "परिचय" आहेत? संख्याशास्त्र सक्तीचे आहे का? क्षेत्रकार्यात विद्यार्थी स्वतः नमुने घेतात, की नुसती भेट देऊन परततात? शेवटच्या वर्षाचे प्रकल्प अहवाल मागून वाचावेत आणि मार्गदर्शक दोन वेगळ्या विभागांतील आहेत का, तेही पाहावे. विद्यार्थ्याने स्वतः गोळा केलेली आकडेवारी एकाही अहवालात नसेल, तर तेथे प्रवेश घेऊ नये.

विद्यार्थिनी:
सविस्तर उत्तरांबद्दल सर्वांचे आभार. आधी रसायनशास्त्र घेतल्यास कायदा आणि अर्थशास्त्र नंतर शिकता येईल का?

भूजल_अभ्यासक:
येईल, आणि उलट्या क्रमापेक्षा ते बहुधा सोपे जाते, कारण प्रयोगशाळेतील शिक्षण पायरीपायरीने होते आणि उशिरा सुरू करणे कठीण पडते. एकत्रित पदवीत रसायनशास्त्राची सलग तीन वर्षे प्रात्यक्षिकांसह मिळत असतील, तर मी तीच निवडेन. ती मिळत नसतील, तर तळ्याकाठचा यांचे म्हणणे ऐकावे.