दरवाज्यावर लायटिंग, कमानीखाली अंधार: शहराला नक्की काय हवंय?

खडकीकर (धागाकर्ता) | रविवार, रात्री ११:४०

परवा आईला दवाखान्यातून घेऊन येताना जुन्या शहरातल्या एका दरवाज्यासमोर गर्दीत अडकलो. (कुठला दरवाजा ते सांगत नाही. सांगितलं की सगळी चर्चा त्या एकाचीच होते.) दरवाजा जांभळा होता. बघता बघता हिरवा झाला, मग गुलाबी. आई म्हणाली, "कुणाचं लगीन हाय का रे इथं?"

तेव्हा हसलो, पण घरी आल्यावरही ते डोक्यातून जाईना. बावन्न दरवाज्यांचं शहर म्हणून आपण मिरवतो. भडकल दरवाजा मलिक अंबरनं १६१२ मध्ये मुघलांवरच्या विजयाची खूण म्हणून बांधला, खडकी, म्हणजे आपलं औरंगाबाद-संभाजीनगर, वसवून तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. असलं दांडगं दगडी काम दर दहा सेकंदाला रंग बदलायला लागलं तर ते वरातीतल्या घोड्यासारखं दिसणारच.

फेब्रुवारी २०२३ मध्ये जी-२० ची महिलांची बैठक आपल्याकडे झाली, तेव्हा शहर रंगरंगोटी करून, दिवे लावून नटलं होतं. पाहुण्यांसाठी घर आवरतोच आपण, त्यात काही चूक नाही. पण मला वाटतं तिथून आपल्या डोक्यात एक गोंधळ पक्का झाला. लायटिंग वेगळी आणि उजेड वेगळा. लायटिंग लांबून बघायची असते, उजेडात वावरायचं असतं. आईसोबत ज्या दरवाज्यापाशी थांबलो होतो, त्याच्या कमानीखालून रिक्षा, दुचाक्या, हातगाडे, पायी माणसं सगळी जातात आणि आत एकही दिवा नाही. समोरून गुलाबी, पोटात काळा. आधी पोटातला अंधार घालवा, मग तोंडाला पावडर लावा.

बोला.

लोडशेडिंगची_पिढी | सोमवार, सकाळी ७:०५

धागाकर्ते शहरात वाढलेले दिसतात. आमचं गाव जालना जिल्ह्यात. २००५-०६ च्या आसपास बारा-बारा तास लाईट नसायची. चिमणीवर दहावी केली, सकाळी नाक शिंकरलं की काजळी निघायची. औरंगाबादला यायचो तेव्हा एसटी शेवटच्या चढावर आली की लांब पिवळा पट्टा दिसायचा आणि मागच्या सीटवरची पोरं उठून बसायची, "आलं, आलं!" आमच्यासाठी शहर म्हणजे तो पट्टा.

आता कुठं आपल्या दरवाज्यांना चार दिवे लागायलेत तर लगेच जांभळा नको, गुलाबी नको. पुण्या-मुंबईनं झगमगाट करायचा आणि मराठवाड्यानं मात्र साधं राहायचं? आईसाहेबांना लग्न वाटलं ना? वाटू द्या की. लग्नघर काय वाईट असतं का!

पाकोळी | सोमवार, सकाळी ८:२०

खडकीकर यांना अर्धं +१.

अर्धं अशासाठी की तुम्ही उजेड कुठं हवा यावर भांडताय आणि मी म्हणते आधीच जास्त झालाय. जुन्या कमानींच्या सांदीत पाकोळ्या आणि वटवाघळं राहतात, त्यांच्या अगदी तोंडावर फ्लडलाइट. दिल्ली गेटच्या बाजूला सलीम अली सरोवर आहे, हिवाळ्यात तिथं बदकं येतात. झाडांना लायटिंगच्या माळा गुंडाळायचं खूळ तर विचारूच नका, मुंबईत त्याविरुद्ध उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली. जानेवारी २०२४ मध्ये पेंचच्या जंगलाला भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क (रात्रीचं आकाश मुद्दाम काळोखं राखलेली जागा) म्हणून मान्यता मिळाली. पेंच आपल्याच राज्यात आहे. अंधारसुद्धा ओळख होऊ शकतो.

लोडशेडिंगची_पिढी | सोमवार, सकाळी ८:३१

ताई, आम्हाला डार्क स्काय शिकवू नका. बारा तास डार्क स्काय होतं आमच्याकडं, मान्यता द्यायला कुणी आलं नाही.

पाकोळी | सोमवार, सकाळी ८:४४

हे आवडलं :) पण तुम्हाला नको होता तो घरातला अंधार. मी आकाशातल्या अंधाराबद्दल बोलतेय. दिव्याला वरून टोपण घातलं तर दोघांचंही भागतं.

रात्रपाळी | सोमवार, दुपारी २:१५

सहसा नुसती वाचत असते, आज लिहिते.

मी नर्स आहे. दुपारपाळी असली की रात्री दहाच्या पुढे सुटते आणि रिक्षा स्टॉपपासून घरापर्यंत चालत जाते. आमच्या गल्लीत तीन खांब आहेत. पहिला लागतो. दुसरा लुकलुकतो, त्यापेक्षा बंद असता तर बरं, डोळे दुखतात. तिसरा लागतो पण लिंबाच्या झाडात घुसलाय. उजेड पानांना मिळतो, मला नाही. तिथून पुढं मोबाईलची बॅटरी. तक्रार दोनदा केली. "काम झाले" असा मेसेज दोन्ही वेळा आला.

म्हणजे मी खडकीकर यांच्याच बाजूनं बोलायला हवं. पण नाही.

गल्लीतून न जाता मी बहुतेक वेळा लांबच्या रस्त्यानं जाते, सहा-सात मिनिटं जास्त चालून. कारण त्या वाटेवर एक दरवाजा आहे, असाच रंग बदलणारा. लायटिंग लागल्यापासून तिथं एक चहाची गाडी उभी राहते, मग भुट्टेवाला आला, मग त्याच्यामागं फुगेवाला. अकरापर्यंत बायका कठड्यावर बसलेल्या असतात, लेकरं पळत असतात, कॉलेजची पोरं फोटो काढतात. तिथून जाताना मी पर्स घट्ट धरत नाही. दोन वर्षांपूर्वी त्याच जागेवरून मी पळत जायचे.

ती लायटिंग दिसायला भयंकर आहे, मान्य. जांभळ्या उजेडात चहा निळा दिसतो. पण माणसं आणली तिनं. तुमच्या उजेडानं आमच्या गल्लीत माणसं आली असती का, मला माहीत नाही.

खडकीकर | सोमवार, दुपारी ४:५०

हे मी धरलंच नव्हतं. बायकांच्या सुरक्षिततेचा मुद्दा मी माझ्याच बाजूचा समजून चाललो होतो.

तरी एक विचारतो. माणसं दिव्यांमुळे आली की चहाच्या गाडीमुळे?

रात्रपाळी | सोमवार, रात्री १०:५५

गाडी कशामुळे आली?

गोलाईकर | मंगळवार, सकाळी ९:१०

लातूरहून. आमची गंजगोलाई माहीत असेल सगळ्यांना, मधी गोल इमारत, देवीचं देऊळ आणि सोळा रस्ते फुटलेले. संध्याकाळी तिथं या. खांबावरचे दिवे आहेत की नाहीत हे तुमच्या ध्यानातसुद्धा येणार नाही. सराफाच्या काचा, भांड्याची दुकानं, बांगड्यावाल्यांचे बल्ब, फळांच्या गाड्यावरचे बॅटरीवाले दिवे. सगळा उजेड दुकानदाराचा. आन् नऊ-साडेनऊला शटर पडायला लागले की एकेक रस्ता विझत जातो, बघत बसावं वाटतं.

मनून माझं मत असंय की शहरानं उजेड कमी आन् जागा जास्त द्यावी. बसायला कट्टा, गाडा लावायला चार फूट जागा, त्याला मीटरवरून रीतसर कनेक्शन. गाडेवाला आपला दिवा आपणच आणतो. आपण करायलोत उलटं, गाडे हटवायलोत आन् त्या जागी आय लव्ह अमुक-तमुक लिहिलेली चमकती अक्षरं बसवायलोत.

चहा_कडक | मंगळवार, सकाळी ९:२५

अक्षरांचा विषय निघालाच आहे तर: २०२० च्या शेवटी शेवटी 'लव्ह औरंगाबाद' आणि 'सुपर संभाजीनगर' या उजळणाऱ्या पाट्यांवरून झालेलं राजकारण आठवतंय का? ओळख म्हणतात ती हीच. कुणाची अक्षरं जास्त लखलखतात त्यावरून ठरते.

*पॉपकॉर्न घेऊन बसलोय*

खडकीकर | मंगळवार, सकाळी ९:४०

कृपया नावाचा वाद इथं नको. त्याचे तीन धागे आधीच आहेत आणि तिन्ही बंद पडलेत.

वायरमन | मंगळवार, रात्री ९:३०

वीस वर्षं याच कामात आहे, परभणी, हिंगोली, संभाजीनगर सगळीकडं खांबावर चढून झालंय. थोडा हिशेब मांडतो, मग भांडा.

एका दरवाज्याला ३६ वॅटचे ४० फिटिंग धरा. १४४० वॅट झाले. पाच तास चालले तर ७.२ युनिट. घरातला दीड टनाचा एसी रात्रभर चालवला की जवळपास तेवढंच होतं. याउलट रस्त्यावरचे ७० वॅटचे शंभर खांब साडेअकरा तास चालले तर ८० युनिट. तेव्हा दरवाज्याची वीज तोडून गल्लीत उजेड येईल हे डोक्यातून काढा. वीज हा मुद्दाच नाही.

मुद्दा दुरुस्तीचा आहे. रंग बदलणाऱ्या फिटिंगला कंट्रोलर लागतो. दोन पावसाळे गेले की त्यात पाणी शिरतं. मग अर्धा दरवाजा गुलाबीवर अडकतो, अर्धा काळा राहतो. जमिनीतल्या दिव्यांच्या काचेवर गाड्या चढतात, केबल चोरीला जाते. साधा एकरंगी पिवळसर दिवा असेल तर मी तो बाजारातल्या कुठल्याही दुकानातून आणून तासात बदलतो. रंगीतवाला कंपनीकडून यायला महिना.

दुसरं. समोरून मोठा फ्लडलाइट मारला की दगड पासपोर्ट फोटोसारखा सपाट दिसतो. तोच दिवा भिंतीच्या पायाशी ठेवून वर घासत सोडला तर छिन्नीचा घाव न् घाव दिसतो. त्यासाठी निम्मे वॅट पुरतात, पाकोळीताईंच्या पाखरांच्या डोळ्यातही कमी जातं.

तिसरं, रात्रपाळी ताईंसाठी. चौकात हायमास्ट (उंच खांबावरचे मोठे दिवे) असेल तर त्यामुळं गल्ली आणखी काळी वाटते. लखलखीत उजेडातून अंधारात शिरलं की डोळे पूर्ण सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, तोवर तुम्ही घरी पोचलेल्या असता. म्हणून एका ठिकाणी भरमसाट उजेडापेक्षा सगळीकडं सारखा, मंद उजेड चांगला. जुन्या सोडियमच्या दिव्यात लाल साडी तपकिरी दिसायची, त्या मानानं एलईडीत माणूस ओळखू येतो. पण पांढराफटक ५७०० केल्विनचा डोळ्यावर येतो (केल्विन जितके कमी तितका उजेड पिवळसर). ३००० च्या आतला मागा. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेनंही २०१६ मध्ये रस्त्यासाठी तेच सुचवलं होतं.

गोदाकाठ | बुधवार, सकाळी ११:००

नांदेडचा अनुभव. २००८ मध्ये गुरु-ता-गद्दीचा (गुरु ग्रंथसाहिबाला गुरुपद मिळाल्याचा) त्रिशताब्दी सोहळा झाला, त्या निमित्तानं रस्ते, घाट, दिवे झाले. पाहुण्यांसाठीच झाले, पण पाहुणे आमच्याकडं वर्षभर येतात हो. सचखंड गुरुद्वाऱ्याच्या आसपास पहाटे तीनला उतरलेला माणूससुद्धा चालत जातो, वाटेत चहा मिळतो. खडकीकर म्हणतात पाहुण्यांसाठी आवरणं वेगळं आणि घरच्यांसाठी वेगळं. आमच्याकडं एकातूनच दुसरं आलं. गुरुद्वाऱ्याला रंग बदलावे लागत नाहीत हे मात्र खरं. पांढऱ्यावर सोनेरी, रोज तेच, म्हणून तर लांबून ओळखू येतो.

दीपमाळ | बुधवार, दुपारी १:२०

आपल्याकडं देवळापुढं दीपमाळा कशाला होत्या? एरवी नुसता दगडी खांब. त्रिपुरी पौर्णिमेला पेटली की अख्खं गाव बघायला येतं. रोज पेटवली असती तर कुणी मान वर केली असती का? फ्रान्समधलं लियों शहर दिव्यांसाठी जगात नावाजलंय. १९८९ मध्ये त्यांनी अख्ख्या शहरासाठी प्रकाशाचा आराखडा केला. पण मूळ गोष्ट आहे १८५२ ची, ८ डिसेंबरला लोकांनी आपापल्या खिडकीत दिवे ठेवले होते. आपल्या पणत्यांसारखंच. आजही तो सोहळा त्याच दिवसांत होतो, वर्षभर नाही. दरवाजेसुद्धा सणावाराला उजळावेत, एरवी मंद राहावेत.

रात्रपाळी | बुधवार, रात्री ११:०५

मला सणावारालाच घरी जायचं नसतं.

दीपमाळ | बुधवार, रात्री ११:१२

बंद नाही म्हटलं, मंद म्हटलं. तरी मुद्दा पोचला.

खडकीकर | गुरुवार, रात्री १०:३०

आत्ताच जाऊन आलो, त्याच दरवाज्यापाशी. मुद्दाम गाडी लांब लावून चालत गेलो. चहाची गाडी इथंही आहे, त्या दिवशी गर्दीत दिसलीच नव्हती. कमानीच्या पोटात अजून अंधारच आहे, पण गाडीवाल्यानं गाडी अगदी तोंडाशी लावलीय आणि आपला बल्ब आतल्या बाजूला टांगलाय. विचारलं तर म्हणाला, "आत भजे खायला बसत्यात लोकं, ताटली दिसाया नको?" त्या एका पिवळ्या बल्बमध्ये आतला दगड, चुना, वरची पाकोळ्यांची घरटी सगळं दिसत होतं. बाहेर गुलाबी चालूच.

मत बदललं का? रंगाबद्दल नाही. लायटिंग आधी की उजेड आधी, यावर मात्र आता तेवढ्या जोरात बोलवत नाही.

रात्रपाळी ताई, त्या तिसऱ्या खांबाचा नंबर द्या. मीही तक्रार टाकतो, दोघांची गेली तर बरं.

वायरमन | गुरुवार, रात्री १०:४१

नंबर खांबावर डोक्याच्या उंचीला रंगवलेला असतो. तक्रारीत "दिवा बंद" लिहू नका. आमचा माणूस येतो, दिवा चालू दिसतो, "काम झाले" टाकून जातो. "फांदी छाटणे" असं लिहा, ते काम वेगळ्या लोकांकडं जातं.

रात्रपाळी | गुरुवार, रात्री ११:२०

आत्ता बघून आले. नंबरावर स्पर्धा परीक्षेच्या क्लासचं पोस्टर चिकटवलंय. उद्या सकाळी उजेडात खरवडते.