चिऱ्याची भिंत, दमट हवा, पुराची धास्ती: हत्यारांसाठी लाकडी कपाट कसं करावं?

वाशिष्ठीकाठ
नमस्कार मंडळी. मी चिपळूणचा. मागच्या पडवीत 10 बाय 8 फुटांची छोटी कार्यशाळा आहे. हत्यारं बहुतेक वडिलांची: दोन लोखंडी रंधे, नऊ पटाश्या, तीन करवती, गिरमिट, मोगरी, दोन गुण्ये. माझी भर म्हणजे विजेवरची ड्रिल, जिगसॉ आणि राउटर (लाकडात खाचा पाडायचं यंत्र).

22 जुलै 2021 ला पडवीत साडेचार फूट पाणी होतं. पत्र्याचं कपाट पाण्याने आडवं पाडलं आणि हत्यारं तीन दिवस चिखलात राहिली. पटाश्या घासून वाचवल्या. मोठ्या रंध्याच्या तळाला मात्र गंजाने असे खड्डे पाडलेत की बोट फिरवलं तरी लागतात. वडील तो रंधा कधी उघडा ठेवत नसत, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून ठेवायचे. म्हणून हे काम नीट करायचंय.

प्लाय घ्यावा की सागवान? जुन्या घराचे सागाचे वासे पडून आहेत. खण किती ठेवावेत? आणि चिऱ्याच्या (जांभा दगडाच्या) भिंतीवर कपाट टिकेल का?

प्लायवाला_नाशिक
कपाटाला प्लायच घ्या. शीटवरचा शिक्का बघून घ्या: 710 म्हणजे मरीन, 303 मध्ये एमआर (ओलावा सोसणारा) आणि बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यालाही दाद न देणारा) असे दोन प्रकार येतात. तुमच्याकडच्या हवेला 710 घ्या. एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा चुरा दाबून केलेल्या फळ्या, यांचं नावही काढू नका, एका पुरात फुगून भाकरीसारखे पापुद्रे सुटतील. सागाचे वासे दारांच्या चौकटीला वापरा, पण चिरण्याआधी सगळीकडून चुंबक फिरवा. जुन्या वाशांत मोडलेले खिळे हमखास निघतात.

तिरकी_पट्टी
दादा, तुमचा खरा प्रश्न पुराचा आहे, तेव्हा कपाटाचा विचारही तिथूनच करा. एक मोठं कपाट करूच नका. दोघांनी उचलून माळ्यावर नेता येतील असे छोटे खोके करा. हत्यारं भरल्यावर एकेक खोका 25 किलोच्या आत राहिला पाहिजे. मोठं कपाट पाणी चढताना रिकामं करत बसावं लागतं, आणि तेव्हा तेवढा वेळ कुणाकडे नसतो.

8 बाय 4 च्या 12 मि.मी.च्या एकाच शीटमध्ये तीन खोके बसतात. पावणेआठ इंच रुंदीच्या तीन लांब पट्ट्या काढा आणि प्रत्येकीचे पावणेचोवीस इंचांचे चार तुकडे करा. एका पट्टीत एक खोका. उरलेल्या रुंदीतून पावणेचोवीस इंचांचे चौकोन दारांसाठी निघतात, त्यातला एक शिल्लक राहतो. माप पूर्ण 24 इंच धरू नका, करवतीचं पातं दर कापाला 3 मि.मी. खातं. दार चौकटीच्या आत बसणारं ठेवा, ते नंतर छाटून बसवता येतं. पाठीला 6 मि.मी. प्लाय. रिकामा खोका नऊ किलोच्या आसपास भरेल.

टांगण्यासाठी 19 मि.मी. प्लायची चार इंच रुंद पट्टी घ्या आणि लांबीच्या दिशेने मधोमध 45 अंशात चिरा. दोन तिरक्या पट्ट्या मिळतात. एक भिंतीला लावा, तिरकी कड वर आणि तिचं टोक भिंतीपासून दूर, म्हणजे भिंत आणि पट्टीमध्ये खाच तयार होते. दुसरी खोक्याच्या पाठीला वरच्या बाजूला, टोक खाली. ते टोक खाचेत उतरतं आणि वजनाने पट्टी आणखी घट्ट बसते. खोक्याच्या पाठीला खालीही तेवढ्याच जाडीची पट्टी ठोका, नाहीतर खोका पुढे कलंडलेला दिसेल. मागे राहिलेल्या फटीतून हवा खेळते आणि पावसाळ्यात भिंतीचा ओलावा थेट पाठीला लागत नाही. काढताना फक्त वर उचलायचं, स्क्रू सोडवायचे नाहीत. माझ्याकडे असे पाच खोके आठ वर्षं टांगलेले आहेत.

वाशिष्ठीकाठ
तिरकी_पट्टी, हे खोक्यांचं अजिबात सुचलं नव्हतं. फार उपकार झाले. पण भिंत? ड्रिल मारून पाहिलं, चिरा भुसभुशीत निघतोय. स्क्रू धरण्यासाठी भिंतीत घातलेला 10 मि.मी.चा प्लग हाताने ओढला तर बाहेर आला.

राजापूरकर
चिऱ्यात प्लग धरत नाही, तुमचं काही चुकलेलं नाही. छिद्र पाडताना ड्रिलचा हॅमर (ठोके देणारी सोय) बंद ठेवा, नाहीतर कडा ढासळून छिद्र मोठं होतं. छिद्रात जाळीची नळी घालून केमिकल अँकर (बोल्ट घट्ट धरणारा रसायनी गोंद) भरला तर धरतो, पण मी भिंतीवर भार द्यायचाच नाही असं ठरवलं. तुमच्याकडे वासे आहेतच. तीन बाय दोन इंचांचे दोन उभे खांब काढा, वरचं टोक पडवीच्या तुळईला बांधा आणि खालचं कडाप्पाच्या तुकड्यावर टेकवा. तिरक्या पट्ट्या या खांबांवर ठोका. भिंत फक्त आधाराला राहते. कडाप्पा विसरू नका. लाकूड थेट जमिनीला टेकलं की ओल चढते, आणि वाळवी कुठून आली ते कळतही नाही.

पट्ट्या लावायला काळे ड्रायवॉल स्क्रू नकोत. ते कडक असतात पण ठिसूळ, भाराखाली मान तुटते.

मेणाचा_हात
खणांचं सांगतो, कारण लोक तिथेच फसतात. खोल खण केला की त्याची अडगळ होते. पटाश्यांना आतली उंची दोन इंच पुरे, रंध्यांना सहा. आधी जमिनीवर वर्तमानपत्र पसरून सगळी हत्यारं मांडा, भोवती पेन्सिल फिरवा, मग मापं काढा. पटाशीला पटाशी घासली की धार जाते, म्हणून प्रत्येकीला वेगळी खाच द्या.

टेलिस्कोपिक चॅनेल (खण सरकवायच्या धातूच्या पट्ट्या) टाळा. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच जागा खातात आणि तुमच्या हवेत त्यांचे छर्रे गंजतात. खणाचा 6 मि.मी.चा तळच दोन्हीकडे 8 मि.मी. बाहेर काढा आणि खोक्याच्या आतल्या बाजूला लावलेल्या पट्ट्यांच्या खाचेत सरकू द्या. खाच 7 मि.मी.ची ठेवा. प्लाय फार फुगत नाही, पण खणाचा दर्शनी भाग सागाचा केलात तर भर पावसाळ्यात लाकूड फुगतं, तेव्हा वर-खाली एकेक मिलिमीटर सूट द्या. खाचेला मेणबत्ती घासा. माझ्या आईच्या शिवणाच्या पेटीचे खण असेच मेणावर सरकतात, अजून एकदाही अडकले नाहीत.

शिल्पा_पनवेल
दादा, गंजासाठी एक सांगते. काम झालं की लोखंडावर शिलाई मशीनच्या तेलाचं फडकं फिरवा, खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या अधूनमधून गरम करून पुन्हा वापरा. लाकडाला जवसाचं तेल लावणार असाल तर भिजलेले बोळे चुरगळून टाकू नका. ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून वाळवा, मगच टाका.

वाशिष्ठीकाठ
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. उशिरा लिहितोय, कारण आधी करून बघायचं होतं. दोन खांब उभे राहिले, खाली कडाप्पा. पहिला खोका काल टांगला, पटाश्या आणि लहान रंध्यासकट 19 किलो भरला. मुलाला बोलावून दोघांनी उचलला, जिन्याने माळ्यावर नेला आणि परत आणून टांगला. सव्वादोन मिनिटं लागली.

खड्डे पडलेला रंधाही त्यातच ठेवलाय, धोतराच्या फडक्यात. एकच प्रश्न राहिला: त्याचा तळ काचेवर सँडपेपर चिकटवून घासला तर सपाट होईल, की खड्डे त्याहून खोल आहेत? तळाला सरळ मोजपट्टी टेकवून उजेडात धरली तर मधोमध फट दिसतेय.