अण्णांचं डायलिसिस पुण्याऐवजी गावाजवळ करता येईल का? योजना आणि कागदपत्रांची माहिती हवी आहे

कोयनाकाठ:
नमस्कार मंडळी. माझे वडील, अण्णा, वय ६७. शुगर आणि बीपी जुनंच. काही दिवसांपूर्वी पाय सुजले, दम लागायला लागला, म्हणून पुण्याला आणलं तर किडन्या जवळपास गेल्यात असं सांगितलं आणि मानेत नळी घालून लगेच डायलिसिस सुरू केलं. आता आठवड्यातून तीनदा करावं लागतंय, कायमचंच म्हणाले. खासगीत एका वेळचे दोन हजार, वर रक्त वाढायची इंजेक्शनं वेगळी, म्हणजे महिन्याचा आकडा माझ्या पगाराच्या बाहेर जातोय. पैशापेक्षा मोठी अडचण म्हणजे अण्णांचा जीव इथे रमत नाही. गाव पाटण तालुक्यात वर डोंगरात आहे, आई तिथे एकटी, दोन म्हशी आहेत, रोज फोनवर म्हणतात मला घरी सोडा. कराडच्या वेणूताई चव्हाण उपजिल्हा रुग्णालयात डायलिसिस मोफत होतं असं गावातले सांगतात. तिथे नंबर कसा लावायचा, आमचं रेशन कार्ड केशरी आहे त्यावर महात्मा फुले योजना चालते का, एवढ्या वेळा खाली-वर करायचं तर प्रवासाचं काय, आणि खरं सांगायचं तर सरकारीमध्ये स्वच्छता कशी असते याची मनात भीती आहे. ज्यांच्या घरी हे चालू आहे त्यांनी कृपया सांगा.

कागदवाला_मित्र:
ताई, मी काही वर्षं आरोग्यमित्र म्हणून, म्हणजे हॉस्पिटलात योजनेच्या पेशंटना मदत करणारा माणूस म्हणून काम केलंय, म्हणून योजनेचं सांगतो. केशरी कार्ड चालतं. आता पिवळं, केशरी, पांढरं सगळी रेशन कार्डं चालतात, आणि १ जुलै २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, आधी ते दीड लाख होतं. डायलिसिस यात बसतं, हाताची फिस्टुला करायची (डायलिसिसची सुई लावायला हाताची शीर धमनीला जोडायची) शस्त्रक्रियासुद्धा बसते, म्हणजे योजनेतल्या खासगी हॉस्पिटललाही तुम्ही जाऊ शकता, फक्त ते हॉस्पिटल किडनीच्या उपचारांसाठी यादीत आहे का ते आधी बघा, कारण काही हॉस्पिटलं योजनेत असतात पण ठराविक विभागांपुरतीच आणि लोक तिथेच फसतात. १५५३८८ ला फोन करा, टोल फ्री १८०० २३३ २२०० पण आहे, जिल्हा सांगितला की यादी सांगतात.

हॉस्पिटलात गेल्यावर डॉक्टरांच्या रांगेत उभं राहायच्या आधी आरोग्यमित्राचा कक्ष शोधा. रेशन कार्ड, आधार, डॉक्टरांची चिठ्ठी, रिपोर्ट, एवढं घेऊन जा. रेशन कार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळतंय का ते आजच तपासा. एकात पूर्ण नाव, दुसऱ्यात नुसतं आडनाव आणि बापाचं नाव असं असलं की मंजुरी अडकते, आणि तालुक्याला जाऊन दुरुस्ती करण्यात किती दिवस जातील सांगता येत नाही, तेवढा वेळ किडनीच्या पेशंटकडे नसतो.

दुसरं, सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर, तपासण्या, उपचार सगळं मोफत केलंय, त्यात ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयं येतात. मेडिकल कॉलेजची हॉस्पिटलं दुसऱ्या खात्याकडे आहेत, तिथे थोडी फी लागू शकते, योजनेत बसवलं तर तीही नाही. आणि धर्मादाय ट्रस्टची मोठी हॉस्पिटलं असतात त्यांना कायद्याने १० टक्के खाटा निर्धनांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखून ठेवाव्या लागतात, तिथे तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला घेऊन वैद्यकीय समाजसेवकांना भेटायचं. हा दाखला काढून ठेवाच, कुठे ना कुठे लागतो.

निवृत्त_सिस्टर:
बाळा, मी सरकारी डायलिसिस विभागात काम करून निवृत्त झालेय. मोफत डायलिसिसचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१६ ला आला तेव्हापासून जिल्ह्याच्या आणि मोठ्या तालुक्यांच्या ठिकाणी मशीन आली, त्याआधी आमचे पेशंट जमीन विकून पुण्या-मुंबईला जायचे, आणि बरेच जण मध्येच सोडून द्यायचे.

आता महत्त्वाचं नीट ऐक. कराडला जागा पक्की झाल्याशिवाय पुण्यातली पाळी सोडू नकोस. मशीन कमी असतात, पेशंट कायमचे असतात, त्यामुळे जागा रिकामी व्हायला वेळ लागतो. कराडच्या बरोबरीने साताऱ्याला क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयातही विचारून ठेव, जिथे आधी मिळेल तिथे घे. जाताना पुण्याच्या डॉक्टरांकडून पत्र घे, त्यात कोरडं वजन (अंगातलं जादा पाणी काढल्यावरचं वजन) किती, हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) किती देतात, नळी कुठे आणि कधी घातली हे लिहून आणायचं, आणि मागच्या काही डायलिसिसचे तक्ते जोडायचे. कावीळ बी, कावीळ सी आणि एचआयव्हीचे ताजे रिपोर्ट नसतील तर कुठेही मशीनवर घेणार नाहीत. कावीळवाल्यांचं मशीन वेगळं ठेवतात, ते तुझ्या वडलांच्या सुरक्षेसाठीच आहे. स्वच्छतेची भीती वाटते तर हेच विचारायचं, मशीन वेगळं आहे का, पाण्याची तपासणी कधी झाली, स्टाफ प्रत्येक पेशंटमध्ये हातमोजे बदलतो का. विचारल्याचा राग धरत नाही कुणी. कावीळ बीची लस अजून दिली नसेल तर सुरू करायला सांग, डायलिसिसवाल्यांना नेहमीपेक्षा दुप्पट डोस लागतो.

आणि फिस्टुला. मानेची नळी ही तात्पुरती, ती जितकी जास्त दिवस राहील तितका जंतुसंसर्गाचा धोका. फिस्टुला केल्यावर ती तयार व्हायला सहा ते आठ आठवडे तरी जातात, त्यामुळे आजच विषय काढ. ज्या हाताने जेवत नाहीत त्या हाताला शक्यतो करतात. त्या हाताला सुई नाही, बीपीचा पट्टा नाही, सलाईन नाही, उशाखाली दाबून झोपायचं नाही, पिशवी लटकवायची नाही. आईला शिकव की रोज सकाळी बोटं ठेवून थरथर लागते का बघायची, थरथर बंद झाली की त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. नळी असेपर्यंत थंडी वाजून ताप आला तर गोळी देऊन घरी थांबायचं नाही.

डोंगरवाट:
आमच्याकडे चुलत्यांचं चालू आहे म्हणून प्रवासाचं लिहितो. डायलिसिसच्या पेशंटला एसटीत साध्या आणि निमआराम गाडीला पूर्ण मोफत प्रवास आहे, डॉक्टरांचा दाखला घेऊन आगारात चौकशी करा. नाहीतर अण्णा ६७ चे म्हणजे ज्येष्ठ नागरिक म्हणून अर्धं तिकीट तर आहेच, पण तेवढ्यावर थांबू नका, पूर्ण सवलत हक्काची आहे ती घ्या. आई सोबत आल्या तर त्यांना एसटीच्या महिला सन्मान योजनेत अर्धं तिकीट. आता गाडीचं गणित असं की डायलिसिस चार तासाचं, वर सुई लावणं-काढणं, रक्त थांबेपर्यंत दाबून बसणं, म्हणजे पाच साडेपाच तास धरा, त्यामुळे सकाळच्या पाळीत नंबर मिळाला तरच वरच्या वाडीची दुपारची गाडी सापडते, विचारताना पाळीचं आधी विचारा. झाल्यावर अंगात काही राहत नाही, बीपी पडतं, उभ्याने प्रवास होत नाही, सोबत माणूस लागतोच.

पाटणच्या पावसाचं तुम्हाला सांगायला नको. दरड आली की रस्ता बंद, आणि दोन पाळ्या चुकल्या की पोटॅशियम वाढून माणूस गचकन जातो. आम्ही जून ते सप्टेंबर कराडला नातेवाइकांकडे एक खोली घेतो. तसं काही जमवा. १०८ तातडीसाठी आहे, दम लागला, छातीत दुखलं, तर लगेच करा, पण नेहमीच्या डायलिसिसला ती येत नाही हे धरून चाला.

कोयनाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार, हे कुणीच एका जागी सांगितलं नव्हतं. नावाचं आत्ताच बघितलं, रेशन कार्डावर आजोबांचं नाव चुकीचं आहे, भावाला उद्याच तहसीलला पाठवते. सिस्टर, एक विचारायचं राहिलं, अण्णांना रोज शहाळं आणि केळी देतोय, शक्ती यावी म्हणून. गावचे एक जण झाडपाल्याचा काढा पण देतो म्हणतायत. आणि घरच्या घरी पोटातून डायलिसिस करतात म्हणे, ते आम्हाला जमेल का?

निवृत्त_सिस्टर:
शहाळं आणि केळी आजपासून बंद कर ग. दोन्हीत पोटॅशियम भरपूर, ते थेट हृदयावर जातं. मोसंबी, टोमॅटो यालाही हात आखडता. भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळायची आणि ते पाणी टाकून द्यायचं. बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं ते बीपीला चांगलं म्हणून लोक आणतात, त्यात पोटॅशियमच असतं, ते नको. काढा अजिबात नको. गुडघे दुखले तरी मेडिकलमधून परस्पर गोळी आणायची नाही. पाणी किती प्यायचं ते डॉक्टर लघवी किती होते त्यावरून सांगतील, दोन डायलिसिसच्या मध्ये वजन किती वाढलं ते वहीत लिहून न्या. अंड्याचा पांढरा बलक मात्र द्या, डायलिसिस सुरू झालं की प्रथिनं लागतात, पथ्याच्या नावाखाली उपाशी ठेवू नका.

पोटातल्या डायलिसिसचं विचारलंस ते बरं केलंस, डोंगरातल्या पेशंटला ते खरंच सोयीचं पडतं, दिवसातून तीन-चार वेळा घरीच पाणी भरायचं आणि काढायचं. पण हात धुण्यापासून खोलीपर्यंत स्वच्छता काटेकोर लागते, नाहीतर पोटात संसर्ग होतो, आणि पिशव्या नियमित घरपोच मिळतील का हा प्रश्न आहे. किडनीच्या डॉक्टरांना आईसमोर विचार, कारण करायचं तिलाच आहे.

कागदवाला_मित्र:
ताई, नावदुरुस्तीला दिलेल्या अर्जाची पोच जपून ठेवा, आणि तोपर्यंत आरोग्यमित्राला ती दाखवून पुढचं काय करायचं ते विचारा. कराडला चौकशी झाली की इथे लिहा, पाटण भागातले अजून दोघे-तिघे हेच विचारत होते.